साहित्य वाटपाच्या दुसऱ्या दिवशी

कोरपन्यासारख्या तालुक्यात दिव्यांग मुलांसाठी शिबिर लागलं की सकाळपासून गर्दी होते. कुणी एसटीनं येतं, कुणी शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मुलाला मध्ये बसवून. कापूस वेचणीचे दिवस असले तर आईची त्या दिवसाची मजुरी बुडते. संध्याकाळी व्हीलचेअर, कुबड्या, श्रवणयंत्रं घरी जातात आणि वाटपाचा फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी मूल शाळेत गेल्यावर काय होतं, हा या लेखाचा विषय आहे. कायदा त्या दुसऱ्या दिवसाबद्दलच बोलतो, आणि तेच सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे.

कायदा नेमकं काय देतो

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते २१ झाले. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. अंधत्व, कर्णबधिरता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व हे परिचित प्रकार त्यात आहेतच. शिवाय ऑटिझम, वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांचाही समावेश झाला. कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचाही त्यात उल्लेख आहे. बाबा आमटेंनी १९४९ मध्ये वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली, त्या आपल्या चंद्रपूर जिल्ह्याला त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

शाळेपुरती तीन कलमं लक्षात ठेवावीत. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ते जवळच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, ही निवड त्याची. ‘आमच्याकडे सोय नाही, तुम्ही वरोऱ्याला आनंदवनच्या शाळेत टाका’ असं मुख्याध्यापक सुचवू शकतात, पण त्या कारणावरून प्रवेश नाकारू शकत नाहीत. कलम १६ सांगतं की भेदभाव न करता प्रवेश द्या, इमारत आणि शौचालय वापरता येईल असं करा, प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करा. कलम १७ मध्ये १८ वर्षांपर्यंत पुस्तकं आणि सहायक साधनं मोफत, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी येतात.

हे सगळं सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त अशा सर्व शाळांना लागू आहे. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळाही त्यात आल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण जिल्हा परिषदेच्या शाळेत समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक फेरीवर येतात, आश्रमशाळेचं खातं मात्र वेगळं. खातं वेगळं असलं तरी मुलाचा हक्क तोच राहतो.

श्रवणयंत्र: डब्यातलं आणि कानातलं

वाटलेलं श्रवणयंत्र सहा महिन्यांनी कुठं असतं? पुष्कळदा ट्रंकेत, रुमालात गुंडाळून, ‘महागाचं आहे, हरवेल’ म्हणून. यात आईबापांचा दोष नाही. यंत्र कसं सांभाळायचं, हे त्यांना कुणी बसून सांगितलेलं नसतं.

कानामागच्या यंत्राला जी छोटी गोल बॅटरी लागते, ती झिंक-एअर प्रकारची असते. तिच्यावर रंगीत चिकटपट्टी असते, १३ नंबरला केशरी आणि ६७५ नंबरला निळी. पट्टी काढली की आत हवा शिरते आणि बॅटरी सुरू होते. मग यंत्र वापरा की ठेवून द्या, ती उतरतच जाते. म्हणून सगळ्या बॅटऱ्यांच्या पट्ट्या एकदम काढू नयेत. एक बॅटरी साधारण आठवडा-दोन आठवडे चालते, म्हणजे वर्षाला पाव-अर्धा शेकडा बॅटऱ्या लागतात. गावातल्या किराणा दुकानात ती मिळत नाही, चंद्रपूरला जाणाऱ्या माणसाकडे निरोप द्यावा लागतो. शाळेनं चार पाकिटं कपाटात ठेवली तर मुलाचे कित्येक दिवस वाचतात.

दुसरी अडचण कानातल्या साच्याची. तो त्या मुलाच्या कानाच्या मापाचा असतो आणि मूल वाढतं तसा सैल होतो. सैल साच्यातून आवाज बाहेर निसटतो, पुन्हा यंत्राच्या माइकमध्ये शिरतो आणि बारीक शिट्टी वाजू लागते. वर्गातली पोरं हसतात, मूल यंत्र काढून दप्तरात टाकतं. गुरुजींना वाटतं, याला यंत्र आवडत नाही. खरं तर नवा साचा हवा असतो. पावसाळ्यात आणि घामाच्या दिवसांत यंत्र रात्री बॅटरीचं झाकण उघडून, सिलिका जेलची पुडी टाकलेल्या घट्ट डबीत ठेवावं.

शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये आणि मुलाला पुढच्या बाकावर, खिडकीच्या उजेडात बसवावं. याला एक पैसा लागत नाही. शाळेत स्मार्टफोन असेल तर बोललेलं मराठी पडद्यावर उमटवणारी मोफत ॲप्स आहेत. नेटवर्क असेल तेव्हा ती उपयोगी पडतात.

चाकं आणि काळी माती

साध्या व्हीलचेअरची पुढची चाकं लहान असतात. फरशीवर ती छान फिरतात, कपाशीच्या पट्ट्यातल्या ओल्या काळ्या मातीत मात्र रुततात. म्हणून शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत पक्की वाट हवी.

उताराचं गणित सोपं आहे: १ ला १२. पायऱ्यांची उंची ३० सेंटिमीटर असेल तर उतार किमान ३ मीटर ६० सेंटिमीटर लांब हवा. अनेक शाळांत जागा वाचवायला तो याच्या निम्मा बांधतात. त्यावरून मूल स्वतः चढू शकत नाही आणि उतरताना पालथं पडायची भीती असते. टेप घेऊन एकदा मोजून बघा.

न दिसणारं दिव्यांगत्व

आपल्या भागात कायद्यातला सगळ्यात महत्त्वाचा बदल मला सिकलसेलचा वाटतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आदिवासी आणि दलित वस्त्यांत हा आजार घराघरांत ओळखीचा आहे. आजारी मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे असह्य दुखतात. थंडी, ताप, दमणूक आणि अंगातलं पाणी कमी होणं या गोष्टींनी ते दुखणं उठतं.

शाळेत हे मूल इतरांसारखंच दिसतं. महिन्यात चार-सहा दिवस गैरहजर राहतं आणि ‘कामचुकार’ ठरतं. त्याला लागणारी सोय यंत्राची नाही. पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यायची. या आजारात मूत्रपिंडावरही परिणाम होतो आणि लघवी वारंवार लागते, म्हणून विचारताक्षणी जाऊ द्यायचं. डिसेंबरच्या पहाटे आश्रमशाळेच्या मैदानात कवायतीला उभं करायचं नाही, थंड पाण्यानं आंघोळ करायला लावायची नाही. बुडालेला अभ्यास वहीत उतरवून द्यायचा. कायद्याच्या भाषेत याला वाजवी सोय म्हणतात.

एक खुलासा मात्र हवा. नुसता वाहक असणं म्हणजे आजार नव्हे, दिव्यांगत्वही नव्हे.

४० टक्क्यांच्या खाली असलं तर?

इथे पालक हमखास अडतात. वैद्यकीय मंडळानं ३० टक्के लिहिलं, आता काहीच मिळणार नाही, असं समजून परततात. आरक्षण, मोफत साधनं यांना ४० टक्क्यांची अट आहे, हे खरं. वाजवी सोयीला ती नाही. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येत होते. दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी म्हणून त्याला लेखनिक नाकारता येणार नाही, असा तो निकाल. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानं अशा उमेदवारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जादा वेळेचं माप तासाला किमान २० मिनिटं असं आहे.

भाषेची गफलत

तालुक्यात कोलामी, गोंडी, तेलुगू, बंजारा बोलणारी घरं आहेत. पहिलीतलं मूल गप्प बसतं ते ऐकू येत नाही म्हणून, समजायला वेळ लागतो म्हणून की मराठी कळत नाही म्हणून? घाईनं शिक्का मारण्याआधी त्याच्या घरच्या भाषेत बोलणारं कुणीतरी शेजारी बसवून बघावं. शिक्षकांना प्राथमिक तपासणी करता यावी म्हणून २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ हे ॲप आलं. ते इशारा देतं, निदान डॉक्टरांनीच करायचं.

पैसा कुठून

समग्र शिक्षात अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंत तरतूद ठेवलेली आहे, मुलींना महिना २०० रुपये प्रोत्साहन भत्ता वेगळा. साधनांसाठी केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ पासून आहे. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत हा आकडा मागायला कुणाचीही हरकत असू शकत नाही.

आपल्या तालुक्याची खरी ताकद आणखी एका ठिकाणी आहे. आवारपूर, गडचांदूर, उपरवाही इथल्या सिमेंट कारखान्यांसाठी चुनखडी याच जमिनीतून निघते. त्या खाणींचा वाटा जिल्हा खनिज प्रतिष्ठानमध्ये जमा होतो. २०१५ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेत शिक्षण आणि दिव्यांगांचं कल्याण हे दोन्ही अग्रक्रमाचे विषय आहेत. नीट मापाचा उतार, पक्की वाट, बॅटऱ्या, कानाचे साचे यांसाठी यातून मागणी करता येते. ठराव मात्र गावातून जायला हवा.

अर्ज करताना

आधी वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, काढून घ्यावं. ते आलं नाही म्हणून शाळेत नाव टाकायचं थांबू नये. अर्ज मुख्याध्यापकांना, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांना. तिथेही दाद लागली नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, त्यांना सुनावणीचे अधिकार आहेत.

‘मदत मिळावी ही विनंती’ असं मोघम लिहू नका. ‘माझा मुलगा चौथीत आहे. कानाचा साचा सैल झाला आहे, नवा हवा. दोन आठवड्यांना एक ६७५ नंबरची बॅटरी लागते. कलम १६ व १७ प्रमाणे सोय करावी,’ असं लिहा. दोन प्रती करा, आणि एकीवर तारीख, सही, शिक्का घेऊनच कचेरीतून बाहेर पडा.