आजीच्या गुडघ्यातली गादी

संक्रांतीला उकव्याला गेलो, तेव्हा आजीने धानाच्या पैशातून थोडे पैसे बाजूला काढून ठेवले होते. दुधातून एक पावडर घेतली की गुडघ्याची गादी परत भरून येते, असं तिला बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. मला बघताच ती म्हणाली, "बापू, डॉक्टर मनते गादी झिजली. मंग तिच्यात कापूस नाई भरता येत का?"

मी प्राणिशास्त्र शिकतो, पण मला चटकन उत्तर देता आलं नाही. शरीर पेशींचं बनलेलं असतं, हे आपण शाळेपासून घोकतो. गुडघ्याच्या गादीत मात्र, म्हणजे कूर्चेत, पेशींनी व्यापलेली जागा पाच टक्क्यांहूनही कमी असते. बाकी सगळं पेशींनी तयार करून स्वतःभोवती रचलेलं असतं. त्यालाच पेशीबाह्य आधारक म्हणतात.

आधारक म्हणजे दोन पेशींमधली रिकामी जागा नव्हे. त्यात कोलॅजेनचे दोर असतात, पाणी धरून ठेवणाऱ्या साखरेच्या लांब साखळ्या असतात आणि दोघांना पेशींशी जोडणारी प्रथिनं असतात. माल तोच, पण मांडणी वेगळी. दोर एका दिशेने घट्ट बसले की स्नायूला हाडाशी बांधणारा कंडरा होतो. त्यांच्यात कॅल्शियमचे क्षार भरले की हाड. डोळ्याच्या बुबुळावरच्या पडद्यात तेच दोर इतके नेटके रचलेले असतात की पडदा काचेसारखा पारदर्शक राहतो.

कोलॅजेनच्या दोराला तीन पेड असतात, आपल्या वेणीसारखे. ही तीनपेडी रचना मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी 1954 मध्ये मांडली. हे पेड पक्के राहायला क जीवनसत्त्व लागतं. ते फार दिवस मिळालं नाही की हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत. आपल्याकडच्या जंगलातल्या आवळ्याची किंमत इथे कळते.

आता गादीकडे येऊ. सब्जा पाण्यात टाकला की फुगतो, हे सगळ्यांनी बघितलंय. कोरडा सब्जा फडक्यात घट्ट बांधून पाण्यात ठेवला, तर तो फुगून फडकं ताणेल आणि फडकं त्याला आवरून धरेल. कूर्चेत साखरेच्या साखळ्या सब्जाचं काम करतात आणि कोलॅजेनची जाळी फडक्याचं. या ओढाताणीतूनच गादीला ताकद येते. तिच्या वजनाचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग नुसतं पाणी असतो, तरी जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा हा थर आयुष्यभर आपला भार झेलतो.

गंमत म्हणजे या साखळ्या जोडणाऱ्या विकरांना मँगनीज लागतं. आमच्या गावाच्या पोटातून निघणारा काळा दगड त्याच धातूचा! पण लागतं ते कणभर, आणि तेवढं भात, डाळ, चहातून मिळून जातं. जास्त झालं तर भलं होत नाही. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली, तर मेंदूला इजा होऊ शकते.

मग कापूस का भरता येत नाही? कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. कातडीवरची जखम रक्तातून आलेल्या पेशी आणि मालाच्या जोरावर भरते, गादीला ती सोय नाही. मोठ्या माणसाच्या कूर्चेतलं कोलॅजेन जवळजवळ बदललंच जात नाही. जाळी फाटली की साखळ्या निसटतात, पाणी टिकत नाही. पावडरीतलं कोलॅजेनही पोटात गेलं की पचून त्याचे तुकडे होतात, ते जसंच्या तसं गुडघ्यात जाऊन बसत नाही.

पण पेशी अजून जिवंत असतात. त्यांच्या पृष्ठभागावर आधारकाला धरून ठेवणारी प्रथिनं असतात, जणू त्यांचे हातच. बाहेर ताण पडला की पेशीला त्यातूनच कळतं, आणि काय बनवायचं ते ती ठरवते. शिवाय चालताना गादी दाबली जाते, सुटते. या दाबण्या-सुटण्यात सांध्यातलं पाणी आत-बाहेर होतं आणि पेशींपर्यंत अन्न पोचतं. म्हणून नुसतं बसून राहणं गुडघ्याला मानवत नाही. बेताचं चालणं, मांडीचे स्नायू बळकट करणं आणि वजन आटोक्यात ठेवणं, यांनी दुखणं हलकं होतं. झिजलेली गादी मात्र त्यानेही पहिल्यासारखी होत नाही.

हे सगळं मी आजीला चुलीपाशी बसून सांगितलं, फडकं आणि सब्जासकट. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मनजे चाळीस वर्सं रोवणीत गेली ते गेलीच."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पावडर तिने घेतली नाही. त्या पैशातून एक उंच पाट करून घेतला. आता निंदणाला उकिडवी न बसता त्यावर बसते, आणि संध्याकाळी शेजारणीला घेऊन नाल्यापर्यंत चालून येते. गुडघा दुखतोच, पण रात्री झोप लागते म्हणते.

परीक्षेत आधारकावर पाच गुणांचा प्रश्न आला, तेव्हा मला पुस्तकातली आकृती आठवली नाही. फडक्यात बांधलेला सब्जा आठवला.