निवृत्तिवेतनधारक आणि घरगुती ऊर्जेची बाजारपेठ : ग्रेट ब्रिटनमधील अनुभवाचे विवेचन

प्रस्तावना

उदारीकरणाच्या धोरणामध्ये ग्राहकाचे निवडस्वातंत्र्य हे मूल्य केंद्रस्थानी मानले जाते. अनेक विक्रेते असले की स्पर्धा होईल, स्पर्धेमुळे दर उतरतील आणि त्याचा लाभ सर्व ग्राहकांना मिळेल, असे या धोरणाचे गृहीतक आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये घरगुती वीज व वायू यांच्या पुरवठ्यात हे गृहीतक दोन दशकांहून अधिक काळ प्रत्यक्षात आजमावले गेले आहे. या प्रयोगात निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांची स्थिती काय झाली आणि त्यांना स्वस्त दरयोजना मिळवून देण्यासाठी कोणत्या स्वरूपाचे साहाय्य उपयुक्त ठरते, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ब्रिटनमधील बहुसंख्य घरे वायूवर चालणाऱ्या तापनयंत्रणेने उबदार ठेवली जातात. निवृत्त व्यक्ती दिवसभर घरीच असल्याने हिवाळ्यात तिला ही यंत्रणा अधिक वेळ चालवावी लागते. उत्पन्न मात्र ठरावीक असते. थंड घरात राहिल्याने वृद्धांमध्ये हृदयविकार व श्वसनविकार बळावतात. त्यामुळे ऊर्जेचे देयक ही त्यांच्यासाठी केवळ पैशांची बाब राहत नाही. घर उबदार ठेवावे की पोटभर जेवावे, असा प्रश्न ज्या घरात उभा राहतो तेथे दरयोजनेची निवड हा आरोग्याचाच प्रश्न होतो.

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये १९८६ साली वायूपुरवठ्याचे आणि १९९० पासून विजेचे खाजगीकरण झाले. घरगुती ग्राहकांना पुरवठादार निवडण्याची मुभा वायूच्या बाबतीत १९९६ ते १९९८ आणि विजेच्या बाबतीत १९९८-९९ या काळात टप्प्याटप्प्याने मिळाली. स्पर्धा पुरेशी रुजली आहे असे मानून २००२ साली घरगुती किरकोळ दरांवरील नियंत्रण उठविण्यात आले. तेथून पुढे 'ऑफजेम' या नियामक संस्थेची भूमिका प्रामुख्याने बाजारावर देखरेख ठेवण्याची राहिली.

या व्यवस्थेत वाहिन्या व तारा त्याच राहतात. बदलतो तो केवळ देयक पाठविणारा आणि दर ठरविणारा पुरवठादार. पुरवठादार बदलला तर वीज खंडित होईल किंवा घरात नवे खोदकाम करावे लागेल, ही वृद्ध ग्राहकांमध्ये आढळणारी भीती म्हणूनच निराधार आहे. पुरवठादार कंपनी बुडाली तरी नियामक दुसऱ्या कंपनीकडे ग्राहक सोपवितो आणि त्याची जमा रक्कमही सुरक्षित राहते.

निष्ठेचा दंड

स्पर्धेचा लाभ सर्वांना समान प्रमाणात मिळाला नाही. ठरावीक मुदतीची दरयोजना संपल्यावर ग्राहकाने नवी योजना निवडली नाही, तर तो आपोआप कंपनीच्या मूळ परिवर्तनीय दरावर जातो. ज्यांनी कधीच पुरवठादार बदलला नाही ते तर प्रारंभापासून याच दरावर असतात. स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने २०१४ ते २०१६ या काळात केलेल्या चौकशीत असे दिसून आले की, सहा मोठ्या कंपन्यांचे सुमारे ७० टक्के घरगुती ग्राहक अशा मूळ दरावर होते आणि त्यांना योजना बदलून वर्षाला ३०० पौंडांहून अधिक बचत करणे शक्य होते. २०१२ ते २०१५ या काळात ग्राहकांना सोसावा लागलेला जादा भार वर्षाला सरासरी १.४ अब्ज पौंड असल्याचा अंदाज प्राधिकरणाने मांडला.

येथे बाजाराची एक विसंगती लक्षात येते. जो ग्राहक चळवळ्या आहे त्याला आकर्षित करण्यासाठी कंपनी दर उतरविते आणि त्याची भरपाई जागचा न हलणाऱ्या ग्राहकाकडून करून घेते. एकाच कंपनीशी वर्षानुवर्षे प्रामाणिक राहणे हा जुन्या पिढीचा सद्गुण. परंतु या बाजारात त्याच सद्गुणाचा दंड भरावा लागतो. ज्यांच्या घरी संगणक नाही, दृष्टी अधू आहे किंवा घरातील आर्थिक व्यवहार पाहणारा जोडीदार निवर्तला आहे, त्यांना हा दंड सहजासहजी चुकविता येत नाही. पैसे भरण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. देयक हाती आल्यावर रोखीने वा धनादेशाने रक्कम भरणाऱ्यास, बँकेतून दरमहा परस्पर रक्कम वळती करणाऱ्याच्या तुलनेत, सर्वसाधारणपणे अधिक दर पडतो. अनेक वृद्ध पहिली पद्धतच पसंत करतात, कारण तीत खर्चावर आपले नियंत्रण राहते असे त्यांना वाटते.

दरमर्यादा आणि तिच्याविषयीचा गैरसमज

या परिस्थितीवर उपाय म्हणून २०१८ साली कायदा करण्यात आला आणि १ जानेवारी २०१९ पासून मूळ दरांवर कमाल मर्यादा लागू झाली. ही मर्यादा प्रतियुनिट दर आणि प्रतिदिन स्थिर आकार यांवर असते. एकूण देयकावर नसते. वृत्तपत्रांत प्रसिद्ध होणारा आकडा हा केवळ सरासरी वापराच्या घराचा वार्षिक खर्च असतो. 'यापेक्षा अधिक देयक येणारच नाही' अशा समजुतीने एखाद्या वृद्धाने वापर वाढविला, तर त्याची फसगत होण्याची शक्यता आहे.

२०२१ साली घाऊक वायूचे दर भडकले, सुमारे तीस पुरवठादार कंपन्या बुडाल्या आणि स्वस्त योजना बाजारातून नाहीशा झाल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड असलेली सरासरी घराची वार्षिक दरमर्यादा ऑक्टोबर २०२२ मध्ये ३,५४९ पौंडांवर पोहोचली. तेव्हा शासनाने स्वतः हस्तक्षेप करून सरासरी घराचा खर्च २,५०० पौंडांच्या पातळीवर रोखला. त्या काळात पुरवठादार बदलण्याचा सल्ला निरर्थक ठरला होता. २०२३ नंतर ठरावीक मुदतीच्या योजना हळूहळू परतल्या आणि तुलनेला पुन्हा अर्थ प्राप्त झाला. सल्ला हा काळसापेक्ष असतो, हे यावरून स्पष्ट होते.

दरयोजनेची तुलना : एक उदाहरण

वृद्ध ग्राहकास साहाय्य करणाऱ्याने प्रथम त्याचे देयक नीट वाचणे आवश्यक असते. त्यात चार बाबी पाहाव्या लागतात : योजनेचे नाव व मुदत, वर्षभरातील वापराची युनिटे, वाचन प्रत्यक्ष घेतलेले आहे की अंदाजे, आणि मुदतीपूर्वी योजना सोडल्यास द्यावे लागणारे शुल्क. तुलनेचा आधार युनिटे हाच असावा; देयकाची रक्कम नव्हे. अंदाजे वाचनावर आणि महिन्याच्या रकमेवर विसंबून केलेली तुलना हमखास चुकते.

एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. 'अ' योजनेत विजेचा दर युनिटला २४ पेन्स व स्थिर आकार दिवसाला ६० पेन्स आहे. 'ब' योजनेत दर २८ पेन्स व स्थिर आकार ३५ पेन्स आहे. वर्षाला १,५०० युनिटे वापरणाऱ्या एकट्या वृद्धेस 'अ' योजनेत ५७९ पौंड, तर 'ब' योजनेत सुमारे ५४८ पौंड पडतील. ३,५०० युनिटे वापरणाऱ्या कुटुंबास मात्र 'अ' योजना १,०५९ पौंडांत आणि 'ब' योजना सुमारे १,१०८ पौंडांत पडेल. ज्या योजनेचा युनिटदर कमी ती स्वस्त, हा ढोबळ नियम कमी वापराच्या घरास लागू पडत नाही. स्थिर आकार वापरावर अवलंबून नसल्याने काटकसरीने राहणाऱ्या वृद्धाच्या देयकात त्याचा वाटा मोठा असतो.

काही ठिकाणी निवडीस वावच नसतो. सामुदायिक तापनयंत्रणा असलेल्या वृद्धनिवासांत रहिवाशांना उष्णतेचा पुरवठादार स्वतंत्रपणे निवडता येत नाही. रात्री सात तास स्वस्त दर देणाऱ्या जुन्या योजनेतील ग्राहकाने दिवसाच्या व रात्रीच्या वापराचे प्रमाण पाहिल्यावाचून बदल करणे हिताचे नसते.

साहाय्याचे स्वरूप व त्यातील नैतिक प्रश्न

केवळ माहिती पुरविल्याने वर्तन बदलत नाही. ऑफजेमने २०१८ साली सुमारे ५० हजार ग्राहकांवर केलेला सामूहिक बदलाचा प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दीर्घकाळ महाग दरावर असलेल्या ग्राहकांना त्यांच्या स्वतःच्या वापरावर आधारित बचतीचा आकडा पत्राने कळविण्यात आला, आधीच ठरविलेली योजना देऊ करण्यात आली आणि दूरध्वनीवरही साहाय्य उपलब्ध ठेवण्यात आले. या गटातील सुमारे २२ टक्के ग्राहकांनी योजना बदलली. ज्यांना असे पत्र मिळाले नाही त्यांच्यात हे प्रमाण ३ टक्क्यांहून कमी होते. बदल करणाऱ्यांची अंदाजित बचत सरासरी सुमारे ३०० पौंड होती. निष्क्रियता हा स्वभावदोष नसून बऱ्याच अंशी बाजाराच्या रचनेचा परिणाम आहे, असे या प्रयोगावरून म्हणता येते. तथापि बहुसंख्य ग्राहक साहाय्य मिळूनही हलले नाहीत, ही बाबही दुर्लक्षून चालणार नाही.

साहाय्य करणाऱ्याचे हितसंबंध कोणते, हा पुढचा प्रश्न होय. दर-तुलना करणाऱ्या अनेक सेवा पुरवठादारांकडून दलाली घेतात. घरोघरी जाऊन केल्या जाणाऱ्या विक्रीविषयी इतक्या तक्रारी झाल्या की, मोठ्या कंपन्यांनी २०११-१२ च्या सुमारास ती थांबविली. २०१६ साली वृद्धांसाठी कार्य करणाऱ्या एका मोठ्या सेवाभावी संस्थेची ऊर्जा कंपनीशी असलेली व्यापारी भागीदारी वादग्रस्त ठरली. नियामकास त्यात नियमभंग आढळला नाही. परंतु ज्या संस्थेवर वृद्ध डोळे मिटून विश्वास ठेवतात तिने शिफारशीपोटी मोबदला घ्यावा का, हा प्रश्न त्यानिमित्ताने समाजापुढे आला. सल्लागाराने दलाली घेत असल्यास ती आधी सांगावी, अंतिम निर्णय वृद्धाचाच ठेवावा आणि करारानंतर विचार बदलण्यासाठी चौदा दिवसांची मुभा असते हे त्यास समजावून द्यावे, एवढी किमान पथ्ये येथे अपेक्षित आहेत.

दराइतकीच हक्कांची जाणीवही महत्त्वाची आहे. अल्प उत्पन्नाच्या निवृत्तांसाठी असलेला 'पेन्शन क्रेडिट' हा लाभ पात्र व्यक्तींपैकी मोठा वर्ग मागतच नाही. २०२४ साली इंग्लंड व वेल्समध्ये हिवाळी इंधन अनुदान प्रामुख्याने या लाभधारकांपुरते मर्यादित करण्यात आले, तेव्हा या अनास्थेची किंमत तीव्रतेने जाणवली. २०२५ मध्ये वार्षिक ३५ हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या निवृत्तांना हे अनुदान पुन्हा देण्याचे ठरले. २०० ते ३०० पौंडांचे हे अनुदान आणि पात्र घरांना देयकात मिळणारी १५० पौंडांची 'वॉर्म होम' सवलत यांची बेरीज केली, तर योजना बदलून होणाऱ्या बचतीपेक्षा ती पुष्कळदा अधिक भरते. सल्ल्याचा प्रारंभ म्हणूनच हक्कांच्या पडताळणीने होणे इष्ट ठरते.

समारोप

महाराष्ट्रातील बहुतांश घरगुती वीजग्राहकांना पुरवठादाराची निवड उपलब्ध नाही. मुंबईच्या उपनगरांत मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निर्णयानंतर, २००९ पासून ग्राहकांना एका वितरण कंपनीकडून दुसरीकडे जाण्याचा मार्ग खुला झाला. एकाच क्षेत्रात अनेक वितरकांना परवाना देण्याची कल्पना २०२२ च्या विद्युत (सुधारणा) विधेयकातही मांडली गेली होती. त्यामुळे ब्रिटनचा अनुभव आपल्याला सर्वस्वी परका नाही.

निवडीचे स्वातंत्र्य देणे आणि निवड करण्याचे सामर्थ्य देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट कायद्याने साधते. दुसरीसाठी देयक वाचून दाखविणारा निःस्वार्थी माणूस, दूरध्वनीवर उत्तर देणारी यंत्रणा आणि न हलणाऱ्या ग्राहकासही संरक्षण देणारी दरमर्यादा, या तिन्हींची आवश्यकता असते. बाजाराच्या यशाचे मोजमाप चतुर ग्राहकाने किती वाचविले यावरून न करता, थंडीच्या दिवसांत घरी एकट्या असलेल्या वृद्धेस किती भुर्दंड पडला यावरून करणे अधिक न्याय्य ठरेल.