किताब गेला, वास्तू राहिली

वाचनालयातून एखादी जाडजूड रशियन कादंबरी आणली, की पहिल्या पन्नास पानांतच दमायला होतं. हा काउंट, ती काउंटेस, तिचा मावसभाऊ तोही काउंट! बी.ए.ला असताना मी तर वहीच्या मागच्या पानावर सगळ्यांची वंशावळ काढून ठेवली होती. कादंबरी लिहिणारे टॉल्स्टॉयसुद्धा काउंटच. मेजवान्या, नाच आणि दागिने यापलीकडे या बायकांना काही उद्योग नसणार, असं तेव्हा वाटायचं. पुढे बचत गटाच्या कामात पडले आणि अशा घराण्यांतल्या दोघींची हकिगत वाचायला मिळाली. मत बदललं.

काउंट हा किताब मुळात रशियाचा नव्हेच. झार पीटरने तो युरोपातून उचलला. १७०६ मध्ये सेनापती बोरिस शेरेमेतेव्हला बंड मोडून काढल्याबद्दल काउंट केलं, तो रशियन साम्राज्याचा पहिला काउंट. किताब वंशपरंपरेने चालायचा, सगळ्या मुलामुलींना मिळायचा. किताबाबरोबर जमिनी असत आणि जमिनींबरोबर माणसं. त्यांना भूदास म्हणत. मालकाच्या परवानगीशिवाय त्यांना लग्नसुद्धा करता येत नसे.

या शेरेमेतेव्हांच्या घरात अशाच एका भूदास लोहाराची मुलगी आली. प्रास्कोव्या तिचं नाव, जन्म १७६८ चा. सात-आठ वर्षांची असताना तिला मॉस्कोजवळच्या कुस्कोवोच्या वाड्यात आणलं. आवाज गोड म्हणून गाणं, फ्रेंच, इटालियन, वाद्यं असं सगळं शिकवलं आणि अकराव्या वर्षी मालकाच्या खाजगी नाटक कंपनीत उभं केलं. तिथल्या नटींना रत्नांची नावं देत. हिला मिळालं झेमचुगोवा, म्हणजे मोत्याची. राणी कॅथरीनने तिचं काम पाहून हिऱ्याची अंगठी दिली. पण अंगठी घातलेली ती मुलगी होती मालकाच्या मालमत्तेतच!

मालक, काउंट निकोलाय शेरेमेतेव्ह, तिच्यावर जीव लावून बसला. १७९८ मध्ये त्याने तिला मुक्त केलं, १८०१ मध्ये लग्न केलं, पण चोरून. लोक काय म्हणतील हा प्रश्न तिकडेही होताच. ती मूळची पोलिश उमराव घराण्यातली, अशी खोटी वंशावळही तयार झाली. फेब्रुवारी १८०३ मध्ये मुलगा झाला आणि तीनच आठवड्यांत क्षयाने ती गेली. काउंटेस म्हणून जेमतेम सव्वा वर्ष, तेही लपूनछपून.

तिच्या आठवणीसाठी काउंटने मॉस्कोत आधीच सुरू केलेलं निराधारांचं घर आणि दवाखाना अधिक भव्य करून पूर्ण केला. तो १८१० मध्ये उघडला. तिच्या स्मृतिदिनी गरीब, अनाथ मुलींच्या लग्नासाठी तिथून मदत दिली जाई. आज त्याच वास्तूशी मॉस्कोच्या प्रसिद्ध स्क्लिफोसोव्स्की तातडीच्या उपचारांच्या रुग्णालयाचं नाव जोडलेलं आहे.

दुसरी आहे काउंटेस सोफिया पानिना. पानिन भावांना १७६७ मध्ये राणी कॅथरीनने किताब दिला, त्या घराण्यातली ही शेवटची. जन्म १८७१ चा. वर्षाची असताना वडील वारले. आईने सरकारविरोधी विचारांच्या माणसाशी दुसरं लग्न केलं, तेव्हा आजीने थेट झारकडे अर्ज करून अकरा वर्षांच्या सोफियाला आईपासून तोडलं आणि उमराव मुलींच्या वसतिगृहात घातलं. एवढी मोठी वारसदार मुलगी, पण आईजवळ राहायचं की नाही हेही दुसऱ्यांनी ठरवलं. पुढे लग्न झालं, तेही टिकलं नाही. घटस्फोटानंतर तिने माहेरचं नाव परत घेतलं.

तिला वाट दाखवली ती एका शिक्षिकेने. अलेक्सांद्रा पेशेखोनोवा तिचं नाव. १८९१ मध्ये ही बाई तिला सेंट पीटर्सबर्गच्या लिगोव्का भागात, कामगारांच्या वस्तीत घेऊन गेली. शाळेतल्या उपाशी पोरांसाठी दोघींनी जेवणाची सोय केली. मग मुलं मोठी झाली, त्यांचे आईबाप येऊ लागले, वाचन सुरू झालं. १९०३ मध्ये सोफियाने स्वतःच्या पैशाने तिथे ‘लोकगृह’ बांधलं. त्यात स्वस्त खाणावळ, वाचनालय, प्रौढांचे संध्याकाळचे वर्ग, नाटकगृह, इतकंच काय, तारे बघायला वेधशाळासुद्धा! दिवसभर कारखान्यात राबलेल्या माणसाला भाकरीबरोबर आकाशही दाखवावं, हे सुचायलाही मन लागतं.

१९१७ च्या क्रांतीनंतरच्या हंगामी सरकारात ती उपमंत्री झाली. नोव्हेंबरमध्ये बोल्शेविकांनी सत्ता घेतली आणि एका हुकमाने सगळे किताब रद्द केले. सोफियाला अटक झाली. शिक्षण खात्याचे सुमारे ९३ हजार रुबल तिने नव्या सरकारला दिले नव्हते. लोकांनी निवडलेल्या संविधान सभेकडेच ते देईन, असं तिचं म्हणणं. डिसेंबरमध्ये क्रांतिकारी न्यायालयात खटला चालला. तेव्हा इवानोव नावाचा एक कामगार उठला आणि लोकगृहाने आम्हा अडाणी माणसांना काय दिलं ते सांगत त्याने भर कोर्टात तिचे आभार मानले. शिक्षा झाली ती एवढीच, की रक्कम भरेपर्यंत कोठडीत राहायचं. लोकांनी वर्गणी काढून रक्कम भरली आणि ती सुटली.

पुढे देश सुटला. प्रागमध्ये तिने परागंदा रशियनांसाठी केंद्र चालवलं. नंतर अमेरिकेत टॉल्स्टॉयची मुलगी अलेक्सांद्रा हिच्याबरोबर निर्वासितांसाठी काम केलं. १९५६ मध्ये न्यूयॉर्कला ती गेली. लोकगृहाची इमारत मात्र पीटर्सबर्गमध्ये उभी राहिली, पुढे ती रेल्वे कामगारांचं सांस्कृतिक केंद्र झाली.

मैत्रिणींनो, या घराण्यांची संपत्ती भूदासांच्या घामाची होती, हे विसरून चालणार नाही. दान केलं म्हणून तो हिशेब मिटत नाही. सोफियाला स्वतःला याची जाणीव किती होती, ते तिच्या कामावरून आपणच ठरवावं.

मला मात्र राहून राहून आठवते ती पेशेखोनोवा. तिच्याकडे किताब नव्हता, जमीन नव्हती, शिक्षिकेचा पगार तेवढा होता. वस्तीतल्या पोरांची भूक तिला ठाऊक होती आणि ती दाखवायला तिने एका श्रीमंत मुलीला हाताला धरून नेलं. आमच्या गटाच्या शिवणवर्गासाठी मी परवा एका बंगल्यावर देणगी मागायला गेले होते. बाईंनी दारातच पाकीट पुढे केलं. मी म्हटलं, ‘‘पैसे नंतर द्या वहिनी, आधी वर्ग बघायला या.’’

येत्या गुरुवारी येते म्हणाल्या आहेत.