शंखाचे तोंड उजवीकडे की डावीकडे?

मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की बांधावर, विहिरीच्या कठड्यावर, वाडीत गोगलगायी दिसू लागतात. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व धाराशिव भागांत शंखी गोगलगायीने उगवते सोयाबीन फस्त केले. तेव्हापासून गोगलगाय दिसली रे दिसली की टाक मीठ, असे झाले आहे. पण कोकणात आणि घाटमाथ्यावर ज्यांची शेते राईला लागून आहेत, त्यांनी हात उचलण्याआधी शंख नीट पाहावा.

शंखी गोगलगाय आपल्याकडची नव्हे. ती मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ साली बेन्सन नावाच्या शंखांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या एका बागेत सोडली, तिथून ती देशभर पसरली. आपल्या जंगलातली गोगलगाय मात्र सह्याद्रीतच राहत आलेली आहे. तिच्यातली एक सहज ओळखता येते, तिचे शास्त्रीय नाव एरिओफँटा.

ओळखायचे कसे? रिकामा शंख घ्या. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड उजव्या हाताला आले तर शंख उजवा, डाव्या हाताला आले तर डावा. बहुतेक गोगलगायींचे शंख उजवे असतात, शंखीचाही उजवाच. एरिओफँटाचा डावा! शंख पातळ, पेढ्यासारखा बसका, पिवळसर तपकिरी, साधारण इंच-सव्वा इंच रुंद. जिवंत असेल तर शेपटीच्या टोकाशी शिंगासारखा बारीक उंचवटा दिसतो. शंखीचा शंख लांबट, निमुळता, तपकिरी पट्ट्यांचा, वाढून वीतभरही होतो. फसगत होते ती शंखीच्या पिलांत, कारण त्यांचा शंखही पातळ असतो. तोंडाची बाजू मात्र लहानपणीही बदलत नाही.

डावा नसला म्हणजे शंखीच, असेही नाही बरं का. जंगलातल्या काही उजव्या गोगलगायींना तोंडावर गोल घट्ट झाकण असते. शंखीला झाकण नसते. उन्हाळ्यात ती तोंडावर पांढरा पापुद्रा धरते, तो नखाने निघतो. भातखाचरातल्या पाण्यातल्या गोगलगायीलाही झाकण असते, तिचा इथे संबंध नाही.

रानातली गोगलगाय राहते ओल्या पालापाचोळ्यात, कुजक्या ओंडक्याखाली, दगडांच्या सांदीत. खाते मुख्यतः कुजलेला पाला, बुरशी, शेवाळ. एखादे कोवळे पान चाखतही असेल, पण त्यासाठी तिच्यामागे लागावे असे मला वाटत नाही. काजव्याच्या अळ्या गोगलगायी खातात. पक्ष्यांना अंड्याच्या कवचासाठी लागणारा चुना शंखातून मिळतो. उन्हाळ्यात ती पाचोळ्याखाली निजून राहते, आणि नेमके तेव्हाच आपण राबासाठी पाला ओढून नेतो किंवा वणवा लागतो. एकदा पाचोळा जळाला की गोगलगाय आणि तिची अंडी दोन्ही जातात. ती फार दूर चालत जाणारी नाही, त्यामुळे तिथे पुन्हा यायला वर्षे लागतात. राब करायचाच तर राईच्या आतला पाला उचलू नका. कडेचा घ्या.

शेतातल्या बांधाचे उलट आहे. तिथे पाचोळा, गवत, दगडांचे ढीग ठेवू नका, शंखी दिवसा तिथेच दडते. ती एका वेळी शंभरपासून चारशेपर्यंत अंडी मातीत घालते, म्हणून पहिल्या पावसातच गाठा. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधालगत पसरा आणि पहाटे उलटून पाहा. जमलेल्या शंखी हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हाताला घालूनच उचला, कारण तिच्या अंगात माणसाला रोग करणारे जंत असू शकतात. साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका, मेल्यावर खड्ड्यात चुना घालून पुरा. बांधावर मीठ पसरू नका, जमीन खराब होते.

मेटाल्डिहाइडच्या गोळ्या शंखी मारतात, तशा रानातल्याही मारतात. कुत्री, कोंबड्या, गुरे यांनाही त्या विषारी आहेत. वापरायच्याच तर पिकाच्या ओळींत टाका, राईच्या बाजूला मुळीच नको. उघड्यावर ढीग करू नका, आणि गुरे त्या बाजूला काही दिवस सोडू नका.