थंडी नाही, थर्मोस्टॅट!

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली, की नाशिककडे हा संवाद हमखास ऐकू येतो. ‘इंजिन अजून गारच?’ ‘अरे, थंडी केवढी पडलीय!’

थांबा. आपल्याकडची थंडी एवढीही नसते, की धडधाकट गाडी वीस मिनिटं पळूनही तापू नये. काटा नेहमीच्या जागी पोहोचत नसेल किंवा डॅशबोर्डवरचा निळा दिवा विझतच नसेल, तर पहिला संशय थर्मोस्टॅटवर घ्या.

हा म्हणजे कूलंटच्या वाटेवरचा वॉचमन. इंजिन गार असताना त्याची झडप बंद असते, म्हणून कूलंट इंजिनातच फिरून पटकन तापतं. साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला त्याच्यातलं मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. पण झडप उघडीच अडकली, तर? कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये गार होत राहतं. खिडक्या उघड्या टाकून शेकोटी पेटवल्यासारखं!

तपासायला खर्च शून्य. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना कूलंटची पातळी बघा. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाहीच. मग गाडी सुरू करून रेडिएटरकडे जाणारा वरचा जाड पाइप अधूनमधून चाचपा. हात, ओढणी, बाह्या पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब! पाइप बराच वेळ गार राहून मग झपकन तापला, तर थर्मोस्टॅट ठीक. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर तो उघडा अडकलाय. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपजवळ असतो. तिथे खालचा पाइप चाचपा. पाइप ठीक, पण काटा खालीच? मग तापमानाचा सेन्सर तपासून घ्या. गॅरेजच्या स्कॅनरवर ‘पी०१२८’ हा कोड दिसला, तर अर्थ सरळ आहे: कूलंट हवं तेवढं तापत नाहीये.

‘चालतंय की’ म्हणून सोडून देऊ नका. इंजिन गार आहे असं समजून गाडीचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो. मायलेज घटतं, इंजिनाची झीज वाढते, म्हणजे पॉकेटमनीला दुहेरी फटका.

आणि कुणी म्हणालं, ‘काढूनच टाकू, आपल्याकडे काय गरज?’ तर ठाम नाही म्हणा. थर्मोस्टॅट काढणं म्हणजे बिघाड कायमचा करून घेणं. नवा बसवायला सांगा. सेकंडहँड गाडी घेताय? मग मालकाला आधीच सांगून ठेवा, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ पाइपची परीक्षा गार इंजिनावरच होते.