बैलाच्या फासळ्या

देवाने आदामाची फासळी काढून हव्वेला घडविले, ही उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा सांगितली की धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादे मूल हमखास विचारते, मग पुरुषाला एक फासळी कमी असते काय? नसते. बाई असो वा बाप्या, दोघांनाही १२ जोड्या. मोहगावकडच्या शेतकऱ्याला मात्र गोठ्यातल्या फासळ्यांची माहिती अधिक उपयोगाची. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी खांदशेकणीला हळद-तूप लावताना हात खांद्यावरच न थांबविता मागे बरगड्यांवरूनही फिरवावा, म्हणून हे चार शब्द.

गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी या सर्वांना १३ जोड्या असतात. घोड्याला १८, डुकराला बहुधा १४ किंवा १५. बैलाच्या १३ पैकी पुढल्या ८ खाली छातीच्या हाडाला कूर्चेने जोडलेल्या असतात. मागच्या ५ तिथवर पोहोचत नाहीत, त्या पुढच्या फासळीच्या कूर्चेला टेकून राहतात. म्हणून मागची बाजू श्वासाबरोबर अधिक हलते. आणखी एक नवल असे की बैलाला आपल्यासारखे हासळीचे हाड नाही. पुढचे पाय धडाला केवळ मांसाने जोडलेले, आणि त्यांच्यामध्ये छाती झोळीसारखी टांगलेली. आमच्या भागातला गवळाऊ बैल अंगाने हलका व सडपातळ. तो चपळ चालतो यात या झोळीचाही वाटा आहे.

फासळ्यांखाली सगळीकडे फुप्फुसच असते असा समज आहे, तो खरा नाही. श्वासपटल घुमटासारखे पुढे फुगलेले असते. त्यामुळे मागच्या फासळ्यांच्या आड उजवीकडे यकृत आणि डावीकडे मोठे पोट येते. चिडून मागच्या बरगड्यांवर काठी हाणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. पोटफुगी झाली की शेवटच्या फासळीमागची डावी भकाळी वर येते, तीही याच कारणाने.

आता खरा धोका. मोठ्या पोटापुढे जाळीदार दुसरे पोट असते. ते साधारण सहाव्या ते आठव्या फासळीच्या आड, श्वासपटलाला चिकटून बसते. त्या पडद्यापलीकडे लगेच हृदय! गाय-म्हैस चारा निवडून खात नाही, न चावताच गिळते. जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले, म्हणून तोंडात आलेला खिळा तिला थुंकता येत नाही. जड वस्तू या दुसऱ्या पोटात जाऊन पडते. पोट आवळले की तार पडद्यातून पुढे सरकते आणि हृदयाच्या आवरणात शिरते. गाभण जनावरात वासराचा दाब पडतो, तेव्हा भय अधिक. पांढुर्णा-सौंसरची संत्री लाकडी पेट्यांतून जात आली. मोडलेल्या पेटीचा खिळा किंवा कुंपणाच्या तारेचा तुकडा कुटारात मिसळायला कितीसा वेळ लागतो?

अशा जनावराचे खाणे आणि दूध एकाएकी घटते. ते पाठ कमानीसारखी करते, कोपरे छातीपासून दूर धरते, उतारावर चालायला नाखूष असते, बसता-उठताना कण्हते. पुढे मानेची शीर दोरीसारखी फुगते व पुढच्या पायांमध्ये सूज उतरते. सूज येईपर्यंत थांबू नये. तेव्हा वैद्याच्या हाती फारसे उरत नाही. आरंभीच बोलाविले तर पोट उघडून तार काढता येते. निरोगी जनावराच्या पोटात तोंडावाटे लोहचुंबक सोडण्याचीही पद्धत आहे. तो दुसऱ्या पोटात राहून लोखंड धरून ठेवतो. तांब्याची तार मात्र त्याला सापडत नाही.

शिंग लागून छातीला भोक पडले आणि आत हवा ओढल्याचा आवाज आला, तर स्वच्छ ओल्या फडक्याची घडी दाबून धरावी व तातडीने पशुवैद्यक गाठावा. आत बोट वा काडी घालू नये. प्रत्येक फासळीच्या मागच्या कडेने रक्तवाहिनी व मज्जातंतू जातात. वैद्यही सुई घालताना ती कड टाळतो.

कोंबडीचे थोडे निराळे. तिला आपल्यासारखे श्वासपटल नाही. छातीचे हाड खालीवर हलवूनच ती श्वास घेते. मुले लाडाने तिची छाती दोन्ही हातांनी घट्ट आवळतात, आणि फासळी न मोडताही ती गुदमरून मरते. तिला खालून तळहाताचा आधार द्यावा, पंख हलके धरावेत आणि छाती मोकळी ठेवावी.