'फायरवर्क्स': एका दुःस्वप्नाची कैफियत

केनेथ अँगर या विशीतील अमेरिकन तरुणाने, घरची माणसे परगावी गेलेली पाहून, स्वतःच नट व दिग्दर्शक होऊन जो जेमतेम पाव तासाचा 'फायरवर्क्स' हा लघुपट १९४७ साली सिद्ध केला, त्यास रूढ अर्थाने भयपट म्हणणे कठीण. तथापि पुरुषाची अभिलाषा धरणाऱ्या पुरुषाचे अंतरंग भयाच्याच परिभाषेत मांडणाऱ्या लघुपटांचा तो पूर्वज खचित होय. खलाशांची टोळी नायकास साखळ्यांनी बदडते, त्याची छाती विदारण करते, आणि आत हृदयाच्या ठिकाणी थरथरत्या काट्याचे एक यंत्र आढळते! वासना आणि तिची धास्ती यांची अशी विलक्षण सरमिसळ उपदेशपर चित्रपटांस साधत नाही. शेवटी जागा झालेला नायक शय्येवर एकटा नसतो, हे मला विशेष वाटते.

अशा अभिलाषेस त्या काळी विकारच गणले जाई: अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५२ च्या आपल्या विकारसूचीत समलिंगी आकर्षण दाखल केले, ते १९७३ साली वगळले. दरम्यान हा लघुपट दाखविल्याबद्दल लॉस एंजेलिसच्या एका चित्रगृहचालकावर अश्लीलतेचा खटला गुदरला. कनिष्ठ न्यायालयाने त्यास दोषी धरले, आणि अपिलात तो निवाडा रद्द झाला.